आधी माईंचा अर्धा : फोंड्यातल्या एका इन्व्हेंटरीचं प्रकरण

‘प्रोबेट करून हवंय’, म्हणजे मृत्युपत्रावर न्यायालयाचं शिक्कामोर्तब हवंय, असं म्हणत गोव्यात फोंड्यातल्या वकिलाचा जिना चढणारा माणूस बहुधा पुण्या-मुंबईत राहणारा असतो. त्याने इंटरनेटवर वाचलेलं असतं, सोसायटीच्या सेक्रेटरीने ऐकवलेलं असतं आणि ऑफिसातल्या कुणाच्या तरी सासऱ्यांच्या बाबतीत ते खरंच लागलेलं असतं. गोव्यात राहिलेला भाऊ मात्र ‘इन्व्हेंटरी घालायची’, म्हणजे न्यायालयातून यादी आणि वाटणी करून घ्यायची, असं म्हणतो. दोघांनाही वाटतं की आपण एकाच कामाबद्दल बोलतोय. या प्रकरणातले दोघे भाऊ पहिले काही महिने असेच बोलत होते.

मी करसल्लागार आहे, वकील नाही. या घरातल्या मास्तरांची आयकर विवरणपत्रं मी कित्येक वर्षं भरत आलो, म्हणून ते गेल्यावर माईंनी मला सोबत बसायला सांगितलं. ओळख पटू नये म्हणून गावाचा उल्लेख टाळलाय आणि काही तपशील बदललेत. रकमा हिशेब डोक्यात बसावा म्हणून गोल केल्यात. कायद्याच्या बाजूला हात लावलेला नाही.

मास्तर २०२१ च्या पावसाळ्यात गेले. मागे माई, थोरला मुलगा दादा, मधली ताई आणि धाकटा. दादा गावात राहून कुळागर बघतो. ताई डोंबिवलीला दिली आहे, धाकटा पुण्यात नोकरीला. मालमत्ता म्हणजे फोंडा तालुक्यातलं घर (४५ लाख), सुपारी-नारळाचं कुळागर (६७ लाख), गोरेगावचा एक फ्लॅट (९० लाख) आणि बँकेतल्या ठेवी (३८ लाख). देणी वजा जाता एकूण २ कोटी ४० लाख. फ्लॅट मास्तरांनी १९९६ मध्ये मुलांच्या शिक्षणाची सोय म्हणून स्वतःच्या एकट्याच्या नावावर घेतला होता. पुढे फोंड्याच्या उपनिबंधक कार्यालयात, विशेष नोटरीसमोर, त्यांनी रीतसर मृत्युपत्र करून ठेवलं होतं. त्यात एकच ठोस वाक्य होतं : गोरेगावचा फ्लॅट धाकट्याला.

हे वाक्य बाराव्या-तेराव्यानंतर घरात कळलं आणि दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जो गावात राहिला, बापाची दवापाण्याची सगळी धावपळ ज्याने केली, त्याच्या नावे काहीच नाही. आणि जो बाहेर गेला त्याला मुंबईतली सगळ्यात महागडी वस्तू. धाकट्याचं म्हणणं असं की फ्लॅटचा मेंटेनन्स मीच भरतोय, आणि बाबांनी लिहून ठेवलंय, मग वाद कसला? फक्त प्रोबेट आणायचं बाकी आहे.

वकील कुणाची?

वकीलबाईंनी पहिल्याच बैठकीत जे सांगितलं ते मला फार कमी वकिलांकडून ऐकायला मिळालंय. चौघेही समोर बसलेले. दादाने फाइल पुढे सरकवली, तशी त्या म्हणाल्या, “एक आधी ठरवून घेऊ. मी एका वेळी एकाचीच वकील होऊ शकते. कुणाची?”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. घरचा वकील म्हणजे घराचा वकील, अशी आपली समजूत. त्यांनी समजावलं की पुढे हितसंबंध आडवे येणार, आज नाही तर सहा महिन्यांनी येणार, आणि तेव्हा मधेच वकालतनामा सोडण्यात सगळ्यांचंच नुकसान. माईंनी शांतपणे पेन मागितलं. वकालतनाम्यावर सही माईंची झाली. धाकट्याने पुढे पणजीचा वेगळा वकील केला, आणि ते बरंच झालं. दोन वकील फोनवर जे पाच मिनिटांत मिटवतात ते दोन भाऊ दिवाळीपर्यंत मिटवत नाहीत.

फीचा प्रश्न दादाने थेट विचारला : “मालमत्तेच्या किती टक्के?” टक्केवारी नाही, म्हणाल्या. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळकतीत वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसतच नाही. त्यांनी टप्प्यांनुसार रक्कम कागदावर लिहून दिली आणि कोर्टाबाहेरचा खर्च, म्हणजे दाखले, जाहिरात, मूल्यमापन हे सगळं, वेगळं मांडलं. ज्यांना वकिलाशी फीबद्दल बोलायला संकोच वाटतो त्यांना मी तो कागद अजून दाखवतो. अर्थात नावं झाकून.

कोरा कागद आणि मधली रेघ

मृत्युपत्राची प्रत वाचून झाल्यावर वकीलबाईंनी ती बाजूला ठेवली. एक कोरा कागद घेतला, मधोमध उभी रेघ मारली, आणि डाव्या बाजूला वर लिहिलं ‘माई’. उजव्या बाजूला ‘मास्तर’. मग चारही मालमत्ता दोन्हीकडे अर्ध्या-अर्ध्या लिहिल्या. घर साडेबावीस, साडेबावीस. फ्लॅट पंचेचाळीस, पंचेचाळीस. खाली बेरीज : १२० आणि १२०.

“आता डावीकडे कुणी बघायचं नाही,” त्या म्हणाल्या. “वारसाहक्क उजव्या बाजूचा आहे.”

गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते आणि तिचा अर्धा भाग जोडीदाराचा. तो वारसा म्हणून येत नाही. तो आधीपासूनच तिचा असतो. हे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलंय. ती संहिता गोव्यात १८७० मध्ये लागू झाली, १९६१ च्या मुक्तीनंतर संसदेच्या १९६२ च्या कायद्याने टिकून राहिली. वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी यांचा भाग आता गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आला आहे. त्याच्या नावात २०१२ असलं तरी तो अमलात आला २०१६ मध्ये. हिंदू वारसा कायदा इथे लागू नाही. लेकीला मुलाइतका वाटा मिळावा म्हणून महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये दुरुस्ती केली. गोव्यात ताईचा वाटा हा वादाचा विषयच नव्हता.

“पण फ्लॅट तर बाबांच्या एकट्याच्या नावावर आहे,” धाकटा म्हणाला.

इथे माझी फाइल उपयोगी पडली. १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ५-अ गोव्यासारख्या, पोर्तुगीज नागरी संहिता लागू असलेल्या भागांतल्या जोडप्यांसाठी होतं. पगार सोडला तर घरभाडं, व्याज, धंदा यांचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं वाटून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवायचं. मास्तरांच्या विवरणपत्रासोबत ते परिशिष्ट दरवर्षी जात होतं. गोरेगावच्या फ्लॅटचं भाडं काही वर्षं येत होतं, त्याचा निम्मा भाग माईंच्या पॅनवर. वकीलबाईंनी ते पान धाकट्यापुढे ठेवलं. खाली मास्तरांची सही. मास्तरांना हे कलम माहीत होतं. फक्त मृत्युपत्र करताना त्यांच्या ध्यानात आलं नाही, किंवा त्यांनी ते आणू दिलं नाही.

माई एवढंच म्हणाल्या, “मग ह्यांनी मला विचारलं का नाही?” त्यावर कुणीच काही बोललं नाही.

उजव्या बाजूच्या १२० लाखांतही मास्तरांना सगळं मनासारखं देता येत नव्हतं. मुलंबाळं असतील तर निम्मा भाग त्यांच्यासाठी राखीव. मृत्युपत्राने फक्त उरलेला निम्मा हवा त्याला देता येतो. म्हणजे ६० लाख मोकळे, ६० लाख तिघांत सारखे, प्रत्येकी वीस. धाकट्याला मृत्युपत्रातून जास्तीत जास्त ६० आणि राखीव वाट्यातले २०, एकूण ८०. फ्लॅट ९० चा. शिवाय सामाईक मालमत्तेतली एखादी ठरावीक वस्तू नवऱ्याने परस्पर मृत्युपत्राने देऊन भागत नाही. वाटणीत ती त्याच्या हिश्श्याला यावी लागते, किंवा बायकोची रीतसर संमती लागते. धाकटा तीनदा कॅल्क्युलेटर चालवून बघत होता. आकडे तेच येत होते.

मृत्युपत्राचा आदर करायचा की नाही हा प्रश्न तिथे उरलाच नव्हता. मास्तरांचं होतं किती, हे आधी कळायला हवं होतं. माझ्या मते गोव्यातल्या निम्म्या भाऊबंदकीचं मूळ इथेच आहे. माणूस गेल्यावर ‘कुणाला काय ठेवलं’ हे लगेच विचारतात. त्यातलं त्याचं स्वतःचं किती, हे विचारायला वर्ष जातं.

यादीत काय घ्यायचं

इन्व्हेंटरी म्हणजे नुसती जंत्री नाही. वरिष्ठ दिवाणी न्यायाधीशांसमोरची ती अख्खी प्रक्रिया आहे : वारस कोण, मालमत्ता काय, देणी किती, किंमत काय आणि कुणाला काय जातं. सुरुवात होते प्रशासक नेमण्यापासून. जुने लोक त्याला अजून ‘काबेस’ म्हणतात. जोडीदार हयात असेल तर पहिला मान त्याचा, म्हणून माई. त्यांनी शपथेवर यादी द्यायची. खोटी यादी दिली तर जबाबदारी त्यांची, मुलांची नव्हे. हे वकीलबाईंनी माईंना दोनदा सांगितलं आणि दादाच्या देखत सांगितलं. कारण तोपर्यंत दोन गोष्टी यादीतून हळूच गाळायचा बेत शिजत होता.

पहिली गोष्ट ठेवींची. ३८ लाखांपैकी २२ लाखांच्या ठेवीवर नॉमिनी दादा. बँकेने कागद पाहून पैसे त्याच्या खात्यात जमाही केले होते. यात बँकेचं काही चुकलं नाही. नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी. पण नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांसाठी पैसे सांभाळतो. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८४ मध्येच सांगितलं, शेअरबाबत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. दादा आठवडाभर रुसून होता. मग त्याने पासबुकाची झेरॉक्स आणून दिली. एक चांगलं झालं, पैशाला हात लावला नव्हता.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक. कुळागराच्या वरच्या अंगाला एक मुंडकार कुटुंब राहतं, म्हणजे मालकाच्या जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहिलेलं. तीन पिढ्या. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीच्या, उताऱ्यात ‘इतर हक्क’ या रकान्यात त्यांचं नाव नव्हतं. दादाचं म्हणणं, कागदावर नाही तर आपण कशाला लिहायचं? वकीलबाईंचं म्हणणं उलट : न लिहिल्याने हक्क मरत नाही. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्यांना काढता येत नाही, आणि घर व भोवतालची जागा विकत घेण्याचा त्यांचा हक्क आहे, पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत. आज यादीत लपवलं तर उद्या ज्याच्या वाट्याला कुळागर येईल त्याच्या पदरात तो वाद पडणार, आणि तो म्हणणार की मला फसवलं. “तुमच्याच वाट्याला आलं तर?” त्यांनी दादाला विचारलं. मुंडकाराचं घर यादीत आलं, आणि कुळागराची किंमत ती जागा वजा करून धरली. ६७ लाख हा आकडा त्यानंतरचा.

मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत वेळखाऊ वाटलं ते नावांचं काम. मास्तर १९४३ चे, पोर्तुगीज अमदानीतले. जन्मनोंद पोर्तुगीज भाषेत, शाईने, तिरप्या वळणदार अक्षरात. आडनावाच्या शेवटी ‘के’ नाही, ‘क्यू-यू-ई’. शाळेच्या दाखल्यावर ‘के’. गोरेगावच्या शेअर सर्टिफिकेटवर आडनाव बरोबर, पण वडिलांचं नाव गाळलेलं. बँकेत आद्याक्षरं उलटी. चारही माणसं एकच, हे न्यायालयापुढे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, जन्मनोंदीचं भाषांतर, लग्नाच्या नागरी नोंदणीचा उतारा. या उताऱ्याला गोव्यात सोन्याचं मोल आहे, कारण सामाईक मालमत्तेचा सगळा डोलारा त्यावर उभा असतो. माईंनी तो देवघरातल्या फळीवर, पंचांगांच्या गठ्ठ्याखाली जपून ठेवला होता. घडीवर कुंकवाचा डाग, पण शिक्का स्पष्ट.

त्याआधी दादाने स्वतःच्या हुशारीने एक काम उरकलं होतं : विशेष नोटरीसमोर वारसा-घोषणेचा दस्त. सरकारी राजपत्रात त्याची सूचनाही छापून आली. त्याला वाटलं, झालं काम. दस्त चुकीचा नव्हता, बँकेत उपयोगी पडला. पण तो वारस कोण एवढंच सांगतो, कुणाला काय मिळालं हे सांगत नाही. फोंड्यात कितीतरी घरं या दस्तावरच थांबलीत. आजोबांचा दस्त, बापाचा दस्त, आणि वाटणी कधीच नाही. नातवंडांची पिढी येते तेव्हा सह्या करणारी माणसं लिस्बनपासून टोरांटोपर्यंत पसरलेली असतात.

जावयाला समन्स

न्यायालयाची नोटीस डोंबिवलीला गेली ती ताईच्या आणि तिच्या यजमानांच्याही नावे. जावईबापू चांगलेच वैतागले. सासऱ्यांच्या इस्टेटीत मला कशाला ओढता, मला काही नको, लोक काय म्हणतील! त्यांना वाटलं कुणीतरी केस केली.

ताईचं लग्न गोव्याबाहेर नोंदलेलं, त्यामुळे जावयांचा हक्क नेमका कसा धरायचा यावर दोन मतं होती. पण गोव्याच्या पद्धतीत वारसाने मिळालेलं धनही नवरा-बायकोच्या सामाईकात जातं. म्हणून वारसांचे जोडीदार पक्षकार असलेले बरे. थोरली सून, धाकटी सून, जावई, सगळ्यांना नोटीस गेली. एकाला वगळलं आणि उद्या त्याने अर्ज केला तर अख्खं काम मागे जातं. वकीलबाईंनी जावयांना स्वतः फोन केला. आपल्या अशिलाच्या विरुद्ध बाजूशी थेट बोलताना वकिलाला जपावं लागतं, पण ताईला तेव्हा वेगळा वकील नव्हता. त्यांनी फक्त नोटीस कसली आहे ते सांगितलं, सल्ला दिला नाही. जावई निवळले.

मधल्या काळात दादाने ताईपुढे एक मसुदा ठेवला होता : वारसाहक्क सोडल्याचा. “तुला काय कमी आहे? सही कर, मी भाऊबीजेला बघतो.” गोव्यातल्या कितीतरी बहिणींनी अशा सह्या केल्यात, काहींनी मनापासून. ताईने मसुदा मला पाठवला. मी तिला एवढंच सांगितलं की स्वतःचा वकील गाठ. तिने डोंबिवलीहून ओळखीने मडगावचा वकील पाहिला, आणि त्याने तिला समजावलं : हक्क सोडला तर तो सगळ्या सहवारसांसाठी सुटतो, एकट्या दादासाठी नाही. दादाच्या नावे सोडायचा म्हटलं तर ती देणगी होते, आणि त्यात नवऱ्याची संमती लागते. म्हणजे दादाला जे हवं होतं ते त्या कागदाने झालंच नसतं. निम्मा वाटा धाकट्याकडे गेला असता. हे कळल्यावर मसुदा दादानेच फाडला.

गोरेगावची सोसायटी

सोसायटीच्या सेक्रेटरींचं पत्र आलं होतं : मुंबईत मालमत्ता आहे, प्रोबेट आणा. धाकट्याचं सगळं वाद घालणं या पत्रावर टेकलेलं होतं. त्याच्या मुंबईच्या वकील मित्रालाही तसंच वाटत होतं, आणि मुंबईची तेव्हाची प्रथा पाहता त्यात नवल नव्हतं.

पण १३ सप्टेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने जुझे पावलो कुतिन्हो विरुद्ध मारिया लुईझा व्हालेंतीना परेरा या खटल्यात नेमका हाच प्रश्न निकाली काढला. गोव्यातला माणूस, मालमत्ता मुंबईत, मृत्युपत्र एका मुलीच्या नावे. न्यायालयाने सांगितलं की गोवेकर अधिवासी माणसाच्या गोव्याबाहेरच्या, भारतात कुठेही असलेल्या मालमत्तेलाही वारसाच्या बाबतीत गोव्याचाच कायदा लागू होतो. म्हणजे गोरेगावचा फ्लॅट फोंड्याच्या यादीत घेता येतो, आणि घ्यायलाच हवा. नाहीतर राखीव निम्म्याचा हिशेबच लागत नाही. सगळी रोकड मुंबईत गुंतवून एका मुलाला द्यायची आणि गोव्याच्या कायद्याला वळसा घालायचा, ही वाट तिथे बंद झाली.

आता सगळा भार ‘गोवेकर अधिवासी’ या दोन शब्दांवर. मास्तर जन्माने इथले, लग्न इथे नोंदलेलं, नोकरी इथे, मतदान इथे, मरण इथे. मुंबईत त्यांनी फ्लॅट घेतला, घर केलं नाही. वकीलबाईंनी हे सगळं क्रमाने लावून, निकालपत्राच्या प्रतीसह, माईंच्या वतीने सोसायटीला पत्र धाडलं. सेक्रेटरींचा सूर बदलला : ठीक आहे, न्यायालयाचा अंतिम आदेश आणा, नाव लावू. कुणाच्या नावे, हे आता फोंड्यात ठरणार होतं.

बोली लागण्याआधी

यादी मान्य झाली, किमतींवर एकमत होईना म्हणून मूल्यमापक आले, गेले. मग लिसितासांवची वेळ. वारसांमधली आपसातली बोली. एखादी मालमत्ता दोघांनाही हवी असेल तर जो जास्त बोलतो त्याला ती मिळते, आणि आपल्या वाट्यापेक्षा जेवढं जास्त घेतलं तेवढे पैसे त्याने बाकीच्यांना चुकते करायचे. कागदावर हे न्यायाचं आहे. प्रत्यक्षात ज्याच्या गाठीशी पैसा तो जिंकतो.

फ्लॅट पूर्ण मिळणार नाही म्हटल्यावर धाकट्याच्या डोक्यात कुळागर आलं होतं. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की दिल्लीवाले कुळागरात ‘होमस्टे’ काढायला कितीही देतात. त्याने बोली लावली असती तर दादाला ते पेललं नसतं. ज्या सुपाऱ्यांना त्याने वीस उन्हाळे पाणी दिलं त्या बाहेर गेल्या असत्या.

वकीलबाईंनी धाकट्याच्या वकिलाला फोन लावला आणि तारखेआधी सगळ्यांना माईंच्या घरी बसवलं. कोर्टात नाही, ऑफिसात नाही. तोच रेघ मारलेला कागद. त्यांनी एकच प्रश्न मांडला : माईंना त्यांच्या १२० लाखांत काय हवंय? तोपर्यंत हे कुणी विचारलंच नव्हतं. वाटणीची सगळी चर्चा तीन मुलांची चालू होती आणि निम्म्याची मालकीण चहा ओतत होती.

माई म्हणाल्या, घर हवं. कुळागर हवं. “आणि थोडे पैसे माझ्या नावावर. औषधाला कुणाकडे हात पसरायला नको.”

मग आकडे आपोआप जागेवर बसायला लागले. घर ४५, कुळागर ६७ आणि ठेवींतले ८, झाले माईंचे १२०. अर्धा वाटा आपल्याला दुसरीकडून मिळतोय म्हटल्यावर फ्लॅट मास्तरांच्या बाजूला जायला माईंची हरकत नव्हती. धाकट्याला फ्लॅट ९० चा. हक्क ८० चा. म्हणून त्याने १० लाख बाहेर काढायचे. ठेवींतले उरलेले ३० आणि हे १०, मिळून ४०. दादा आणि ताईला वीस-वीस. मास्तरांचं वाक्यही राहिलं आणि राखीव हिस्साही.

दादा गप्प होता. कुळागर आईचं झालं, त्याचं नाही. धाकट्याने ताईच्या लग्नातल्या सोन्याचा विषय काढला. ताईने दादाला गिरणीसाठी दिलेल्या पैशांचा काढला. हयातीत दिलेल्या देणग्या हिशेबात धराव्या लागतात हे खरं. पण दोन्हींचा कागद कुणाकडेच नव्हता. वकीलबाईंनी दोन्ही विषय सर्वांच्या सह्यांनी मिटवून टाकले. माझ्या मते त्या दिवशीचं सगळ्यात मोलाचं काम तेच. कायद्याने कदाचित आणखी दीड-दोन लाख इकडचे तिकडे झाले असते आणि आणखी दोन वर्षं गेली असती.

न्यायालयापुढे तडजोडीप्रमाणे वाटणीचा तक्ता झाला आणि २०२४ मध्ये अंतिम आदेश. धाकट्याने कर्ज काढून दहा लाख भरले.

आदेशानंतरची कामं

आदेशाची प्रमाणित प्रत हातात आली की लोक पेढे वाटतात आणि फाइल कपाटात टाकतात. एक-चौदावर नाव आपोआप चढत नाही. मामलेदार कार्यालयात फेरफाराचा अर्ज, नोटीस, मग नोंद. घरपट्टी, वीज, पाणी वेगळं. वकीलबाईंनी हे काम त्यांच्या फीच्या यादीत धरलंच नव्हतं, आणि तसं पहिल्याच कागदावर लिहिलं होतं. ते मी आणि दादाने मिळून केलं.

माझ्या बाजूने तीन गोष्टी. वारसाने मिळालं म्हणून त्यावर कर नाही. इस्टेट ड्यूटी १९८५ मध्येच गेली. पण धाकटा फ्लॅट विकेल तेव्हा भांडवली नफ्यावर कर लागेल. त्यात खरेदी किंमत मास्तरांची धरायची, आणि खरेदी १९९६ ची असल्याने १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत घेता येईल, म्हणून त्या तारखेचं मूल्यांकन आत्ताच करून ठेवायला मी त्याला लावलं. दुसरं, मास्तर गेल्या दिवसापर्यंतचं विवरणपत्र वारस म्हणून माईंनी भरायचं होतं, तेही त्यांचा निम्मा भाग वेगळा काढून. तिसरं, कलम ५-अ चं परिशिष्ट आता बंद. व्याज येईल ते सगळं माईंचं.

काही महिन्यांनी माई पुन्हा वकीलबाईंकडे गेल्या, एकट्याच, रिक्षाने. स्वतःचं मृत्युपत्र करायला. आता कुळागर त्यांच्या एकटीच्या मालकीचं, त्यामुळे ते नाव घेऊन देता येत होतं. १२० लाखांतला मोकळा निम्मा ६०, आणि राखीव साठातले दादाचे २०. ६७ चं कुळागर त्यात बसतं. वकीलबाईंनी हिशेब मांडून दाखवला आणि सांगितलं की तुमच्या मागे किमती बदलल्या तर दादाला थोडे पैसे भरावे लागतील. माईंनी उपनिबंधकांसमोर सही केली. धाकट्याला आणि ताईला त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, आधी सांगितलं, मग सही केली.

मुंडकारांनी त्यांच्या जागेसाठी अर्ज केलाय. मामलेदारांकडे सुनावणी चालू आहे. माईंच्या बाजूने दादा हजर राहतो आणि हरकत घेत नाही. मोजणीत कुळागराचा पाट कुठल्या बाजूला येतो एवढाच प्रश्न आहे.